व्हिक्टोरियन वेल्समधलं एक वर्ष : सुरू कधी व्हायचं आणि कुणाचं?

टेकडीवरचा :
दुसऱ्या एका धाग्यावर परवा कुणीतरी लिहून गेलं की व्हिक्टोरियाच्या काळातला वेल्स म्हणजे कोळसा, चॅपल (अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांचं प्रार्थनाघर) आणि समूहगान, विषय संपला. कार्डिफला राहून हे वाचलं आणि राहवेना. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

राणी गादीवर होती १८३७ ते १९०१. तेवढ्यात वेल्सची लोकसंख्या दुप्पट झाली, साधारण दहा लाखांची वीस लाख. दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडाच्या कोळसा-दरीत १८५१ला हजारभर माणसं आणि बाकी मेंढ्या, १९०१ला माणसंच लाखाच्या वर. आता "वेल्समधलं एक वर्ष" म्हणायचं तर कुणाचं वर्ष? लोक सणांची यादी देतात, जानेवारीत हे, मे महिन्यात ते. मला ते पटत नाही. माझ्या मते माणसाच्या हातात पैसा कधी पडायचा ते बघावं, बाकीचं त्याच्या मागून येतं.

शेतावरच्या गड्यापासून सुरू करू. त्याचं वर्ष १ जानेवारीला सुरूच व्हायचं नाही, व्हायचं १३ नोव्हेंबरला. कारण असं की १७५२ला ब्रिटनने कॅलेंडर बदललं, अकरा दिवस गाळले, आणि वेल्सच्या खेड्यांनी कितीतरी बाबतीत तिकडे सरळ काणाडोळा केला. त्यांची १ नोव्हेंबर, म्हणजे हिवाळ्याचा पहिला दिवस, 'कालान गायव', जुन्याच हिशोबाने चालत राहिली आणि १८००नंतर तो फरक बारा दिवसांचा झाला, म्हणून १३. त्या सुमाराला मोठ्या गावांत गडी-मोलकरणी ठरवायच्या जत्रा भरायच्या. पोरंपोरी रस्त्याकडेला उभी, शेतकरी फिरून दंड-खांदे बघणार, काय येतं विचारणार, आणि त्याच वेळी गडी एकमेकांना विचारणार की तुझ्या जुन्या मालकाकडे जेवण कसं होतं रे? हे फार महत्त्वाचं होतं, ज्या घरचं ताक पातळ त्या घराचं नाव जत्राभर. भाव ठरला की मालक हातावर एखादं शिलिंग विसार म्हणून ठेवणार. विसार घेतलात की बांधले गेलात, कुठे सहा महिन्यांसाठी, कुठे वर्षासाठी. पगार मुदत संपल्यावर एकरकमी, मधे नड लागली तर उचल.

झोपायची सोय तबेल्याच्या माळ्यावर. खाली घोडे, वर गडी. माळ्यावर गवत म्हणून विस्तव नाही, घोड्यांच्या अंगाची ऊब वर येईल तेवढीच. पण गंमत बघा, मालकाचं लक्ष नसलेली हीच एक जागा, त्यामुळे रात्री शेजारच्या शेतावरची पोरं जमून इथेच गाणी व्हायची. उत्तर वेल्समध्ये तर तबेल्याच्या माळ्यावरची गाणी असा वेगळा प्रकारच मानतात.

आणि ज्याला जमीन नाही पण झोपडी आहे त्याचं वर्ष वेगळं. कार्डिगनशरकडे असा माणूस शेतकऱ्याच्या वावरात बटाट्याच्या ओळी लावायचा, खत स्वतःचं, जमीन त्याची. भाडं पैशात नाही द्यायचं. जितक्या ओळी त्या हिशोबाने कापणीला तितके दिवस राबायचं. म्हणजे मार्चएप्रिलमध्ये लावलेला बटाटा ऑगस्टसप्टेंबरमध्ये घामाने फेडायचा. मधे जूनमध्ये मेंढ्यांची लोकर कापायचा मोसम. डोंगरावरच्या प्रत्येक शेताचा कातरणीचा दिवस वर्षानुवर्षं ठरलेला, त्या दिवशी सगळे शेजारी तिथे, पैसा नाही, जेवण दणकून, दुसऱ्या दिवशी पुढच्या शेतावर.

शेतकरी स्वतः तरी कुठे मोकळा होता, बहुतेक जण कुळंच. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी खंड भरायचा, वर दशमांश, म्हणजे अँग्लिकन चर्चला द्यायचा कर. शेतकरी जाणार चॅपलला आणि दशमांश भरणार ज्या चर्चमध्ये पाऊल टाकत नाही त्या चर्चला, १८८६नंतर यावरून उत्तर वेल्समध्ये चांगल्याच मारामाऱ्या झाल्या.

खाण आणि पाटीचा दगड (स्लेट, छपरावर घालतात तो) यावर जाणकारांनी लिहा, मी दमलो.

चहाटळ :
मस्त धागा. पण नाताळ, न्यू इयर काहीच नाही? १३ नोव्हेंबरला पगार घेतला आणि झोपले का सगळे?

निशिगंधा :
@चहाटळ नाही हो, जागेच होते, दारावर घोडा यायचा 😀

मारी लुईड म्हणतात त्याला. दक्षिण वेल्समधल्या ग्लमॉर्गन आणि ग्वेंटमधली प्रथा, नाताळ ते नववर्षाच्या आसपास. घोड्याची खरीखुरी कवटी काठीवर बसवलेली, डोळ्यांच्या जागी बाटलीच्या काचा, कानांच्या जागी कापड, रंगीत फिती, वरून पांढरी चादर आणि चादरीच्या आत एक माणूस जो दोरी ओढून जबडा खटखट वाजवणार. चारपाच जणांची टोळी हे धूड घेऊन रात्री दारात उभी राहणार आणि गाण्यात म्हणणार, आत घ्या. आतले गाण्यातच नाही म्हणणार. मग सवालजवाब सुरू, तुमचा आवाज फाटका, तुम्ही दारुडे, तुम्ही कंजूष, जे सुचेल ते, पण यमकात आणि चालीत. ज्यांचं कडवं आधी संपेल ते हरले. बाहेरचे जिंकले (बहुतेक तेच जिंकत, कारण आतल्यांनाही ते हवंच असे) की दार उघडायचं, केक आणि बिअर, आणि तो घोडा घरभर बायकापोरींच्या मागे धावणार.

आता यातली खरी मजा. विल्यम रॉबर्ट्स नावाचे एक बॅप्टिस्ट पाद्री होते ब्लायनाय ग्वेंटमध्ये, त्यांना हे सगळं पाखंड वाटायचं. १८५२ला त्यांनी पुस्तकात लिहिलं की हा मूर्खपणा आता इतिहासकाराच्या संग्रहालयातच दिसो, इतर कुठे नको. आणि किती वाईट आहे ते दाखवायला म्हणून बिचाऱ्यांनी मारी लुईडची कडवीच्या कडवी छापून टाकली. पुढे ज्यांना ही गाणी हवी होती त्यांना ती तयार मिळाली. लँगिनॉइड गावात अजून घोडा निघतो.

टेकडीवरचा :
निशिगंधा, एक नंबर. यात पोरांचं पण घाला की. १ जानेवारीला सकाळी मुलं दारोदार फिरायची, हातात एक सफरचंद, त्याला तिवईसारख्या तीन काड्या टोचलेल्या, वर हिरवी डहाळी, अंगाला ओट किंवा लवंगा खोचलेल्या. गाणं म्हणायचं, पैसे किंवा खाऊ घ्यायचा आणि दुपारी बाराच्या आत आटपायचं, बारानंतर आलात तर काही मिळत नाही. कॅलेनिग म्हणतात. पेम्ब्रोकशरच्या ग्वाउन खोऱ्यात तर आजही नवं वर्ष जुन्या कॅलेंडरच्या हिशोबाने १३ जानेवारीला, तिथली मुलं त्या दिवशी फिरतात.

आणि बघा, हा पण पैसे हातात पडण्याचाच दिवस झाला की नाही, माझा मुद्दा उभाच आहे 😎

उंबरठा :
मुद्दा उभा नाही, लंगडा आहे. पगार आणि खंड सगळ्या जगात असतो, त्यात वेल्सचं असं काय? वेल्सच्या वर्षाला आकार दिला चॅपलने, तुम्हाला आवडो न आवडो. १८५१ला एका रविवारी सरकारने प्रार्थनेला गेलेल्यांची मोजणी केली, त्यात वेल्समधले पाचातले चार जण अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांच्या देवळांत निघाले, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट वगैरे. रविवारी तीन वेळा चॅपल आणि संडे स्कूल, आणि ते नुसतं पोरांचं नाही, आजोबासुद्धा वर्गात बसून बायबलवर वाद घालायचे. वाचायला लोक तिथेच शिकले, तेही वेल्शमध्ये.

मग वर्षाचे टप्पे सांगू? इस्टरच्या आधीच्या रविवारी दक्षिणेत कबरी धुऊन, चुना फासून फुलं वाहायची. व्हिटसनला, म्हणजे इस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाला, संडे स्कूलच्या मिरवणुका, निशाणं, मागे चहा आणि मनुकांचा पाव. मग गायनाचा मेळावा, 'कमान्वा गानी', त्याची सुरुवात साधारण १८५९ला अबरडेअरमध्ये एयान ग्विल्ट यांनी केली असं धरतात. या मेळाव्यासाठी गावं महिनोन् महिने सोल-फा पद्धतीने (आपल्या सारेगमसारखी अक्षरांत लिहिलेली स्वरलिपी) चार आवाजांत भजनं बसवायची, पाच रेघांचं स्टाफ नोटेशन न येणारा खाणकामगारसुद्धा सोल-फाच्या चिठ्ठीवरून आपला आवाज बिनचूक गायचा. त्यातूनच पुढे कॅराडॉग नावाच्या गायनसंचालकाने चारेकशे गायकांचा तांडा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला नेला आणि १८७२, १८७३ दोन्ही वर्षं बक्षीस आणलं. उन्हाळ्यात आयस्टेथवोद, म्हणजे कविता-गायनाच्या स्पर्धांचा मेळा, राष्ट्रीय पातळीवरची पहिली १८६१ला, तीही अबरडेअरलाच.

शेवटी लंडनच्या पार्लमेंटला १८८१ला खास वेल्ससाठी कायदा करावा लागला की रविवारी पब बंद. चॅपलचा दबाव म्हणजे काय ते यावरून समजा.

चहाटळ :
रविवारी पब बंद 😱 आणि लोकांनी ऐकलं?

उंबरठा :
छे. कायद्यातच पळवाट होती, खरा प्रवासी असेल तर त्याला द्यायची परवानगी, त्यामुळे रविवारी बऱ्याच जणांना तीन मैल चालून जाऊन प्रवासी व्हायची हुक्की यायची. कार्डिफमध्ये चोरट्या गुत्त्यांचं पेव फुटलं ते वेगळंच. पण कायदा झाला हे महत्त्वाचं.

कोळसेवाला :
वाचत होतो, आता राहवत नाही. आयुष्य वणी-चंद्रपूर पट्ट्यात कोळशात गेलंय म्हणून लिहितो.

खाणवाल्याला ऋतू नसतो. हिवाळ्यात अंधारात आत, अंधारातच बाहेर, सूर्य फक्त रविवारी. हे मला कुणी सांगायला नको. व्हिक्टोरियाच्या सुरुवातीला तर सहासात वर्षांची पोरं आत हवेची दारं उघडमीट करायला बसवलेली असायची, ढोलीत एकटी, मेणबत्ती संपली की काळोख. १८४२ला कायदा आला, बायका आणि दहा वर्षांखालची मुलं जमिनीखाली नकोत. कायदा आला म्हणजे लगेच थांबलं असं नाही, इन्स्पेक्टर होता एकच.

त्यांच्या वर्षाला तारखा दिल्या त्या स्फोटांनी. १५ जुलै १८५६, सिमर, ११४ मेले. ८ नोव्हेंबर १८६७, फर्नडेल, १७८. ११ सप्टेंबर १८७८, अबरकार्न, २६८. २३ जून १८९४, ॲल्बियन, २९०. हे मोठे मोठे सांगितले. छप्पर पडून, कोळशाच्या डब्याखाली येऊन एकेक दोनदोन रोजच जायचे, त्याची तारीख फक्त त्या घरात. ऱ्होंडाचा स्टीम कोळसा (बॉयलरसाठीचा) उत्तम पण वायू फार आणि कोरडी धूळ, आणि धूळच स्फोट लांबवर पसरवते हे मालक लोकांनी मान्य करायला फार उशीर लावला.

पैशाचं म्हणाल तर टेकडीवरचा यांच्याशी सहमत, पण त्यांचा गडी निदान भाव ठरवून तरी घ्यायचा. खाणीत १८७५पासून मजुरी कोळशाच्या विक्रीभावाला बांधली. भाव वर तर मजुरी वर, भाव पडला की मजुरी पडली, तुम्ही तेवढाच घाम गाळा. मग विल्यम अब्राहम, ज्याला सगळे माबोन म्हणायचे, १८८५ला ऱ्होंडातून खासदार झाला, धिप्पाड माणूस, सभा बिथरली की भजन सुरू करायचा आणि सभा गप गायला लागायची. त्याने युक्ती काढली, महिन्याचा पहिला सोमवार सुट्टी. आराम तर आहेच, पण माल कमी निघाला की भाव टिकतो आणि मजुरी टिकते. माबोनचा सोमवार. १८९८ला मालकांनी कित्येक महिने खाणींना टाळं लावलं आणि ही सुट्टी काढून घेतली. त्याच वर्षी दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांचा महासंघ उभा राहिला.

हा कोळसा मुंबईला, एडनला यायचा बरं का, आगबोटींसाठी. मुंबई बंदरात जी बोट धूर सोडत होती त्यात ऱ्होंडा जळत होता.

निशिगंधा :
कोळसेवाला काका 🙏 मेणबत्तीचं वाचून पुढचं वाचवेना.

माईसाहेब :
छान चाललंय. बायकांचं कुणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते.

उत्तर वेल्समधल्या बाला गावाच्या बाजूला विणकाम म्हणजे चरितार्थ होता. संध्याकाळी एका घरी जमायचं, म्हणजे एकाच घरचा दिवा नि एकाच घरची शेकोटी जळते, आणि गप्पा मारत मोजे विणायचे, बाप्ये पण विणत. पेनक्लॉथच्या बायका ओहोटीला गाढवं घेऊन वाळूत उतरायच्या, शिंपले खरवडून काढायच्या, घरी उकडायच्या आणि स्वॉन्झीच्या बाजारात विकायला चालत जायच्या, डोक्यावर टोपली. चिखल-पाणी नको म्हणून बूट गावाच्या वेशीपर्यंत हातात.

आणि लग्न! कार्मार्थन-कार्डिगनकडे लग्नाच्या आधी छापील पत्रिका निघायची किंवा एक माणूस काठीला फिती बांधून घरोघर आमंत्रण म्हणत फिरायचा, की अमुकतमुक लग्न करतायत, जे काही द्याल ते द्या, आणि आमच्या आईवडलांनी किंवा आम्ही तुमच्या लग्नात जे दिलंय ते आता परत करा. पैसे, चीज, लोणी, काय आलं ते वहीत लिहून ठेवायचं आणि त्या घरी कार्य निघालं की फेडायचं. आमच्याकडे आहेराची वही असते तशीच, ओल्या शाईपासून शेवटच्या भांडणापर्यंत!! 😄 यात नव्या जोडप्याला संसार मांडायला भांडवल मिळायचं.

टेकडीवरचा :
माई, ही तर माझ्या बाजूची साक्ष झाली, धन्यवाद. कापणीचं एक राहिलंय ते लिहून टाकतो कारण मला ते सगळ्यात आवडतं. नैऋत्य वेल्समध्ये कापणी संपताना धान्याचा शेवटचा झुबका उभा ठेवायचे, त्याची तीन पेडी वेणी घालायचे, नाव 'कासेग वेदी', कापणीची घोडी. मग कापणारे काही पावलं मागे सरकून पाळीपाळीने विळा जमिनीलगत भिरकावायचे, ज्याच्या विळ्याने ती कापली तो जिंकला, ओरडून "मिळाली" म्हणणार. खरं काम पुढे. ती वेणी शेतकऱ्याच्या घरात कोरडी न्यायची, आणि घरातल्या बायका बादल्या भरून तयार. कुणीतरी ती सदऱ्यात लपवून, दुसऱ्यालाच पुढे पाठवून, बायकांना चकवून टेबलावर कोरडी आणली तर त्याला मानाची जागा आणि बिअर. भिजली तर बसा टेबलाच्या टोकाला, सगळे हसणार. कापणीयंत्रं आली आणि शतक संपेपर्यंत हे गेलं, विळाच नाही तर फेकणार काय.

वाटसरू_सात :
शाळेचं काय? वेल्श बोललं की गळ्यात पाटी अडकवायचे ते खरं का?

उंबरठा :
खरं आहे, पण सगळ्या शाळांत सारखं नव्हतं. लाकडाचा तुकडा, वेल्श बोलताना सापडला त्याच्या गळ्यात, त्याने दुसऱ्याला पकडलं की त्याच्याकडे, आणि दिवसाच्या शेवटी ज्याच्याकडे असेल त्याला फटके. म्हणजे चुगली शिकवायचा पद्धतशीर अभ्यासक्रम. १८४७ला सरकारने शिक्षणाची पाहणी केली, तीन आयुक्त, एकालाही वेल्श येत नाही, आणि अहवालात शिक्षणाबरोबर वेल्श भाषा, चॅपल, बायकांचं चारित्र्य सगळ्यावर ताशेरे. लोक अजून त्याला निळ्या पुस्तकांचा विश्वासघात म्हणतात. एवढं होऊन १८९१ला पहिल्यांदा जनगणनेत भाषा विचारली तेव्हा निम्म्याहून जास्त, साधारण ५४ टक्के लोक वेल्श बोलत होते.

आणि पोरं शाळेत तरी कुठे टिकायची, गवत कापणी आली, बटाटे काढणी आली की वर्ग रिकामे.

कृपया इथे मराठी शाळांचा वाद सुरू करू नका, त्याला चार धागे आहेत.

वाटसरू_सात :
नाही करत 😀 पण वर १३ जानेवारी आलं म्हणून आठवलं. लँट्रिसंटचे डॉ. विल्यम प्राइस! वय ८३, डोक्यावर कोल्ह्याचं कातडं, स्वतःला ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित) म्हणवायचे, तरुणपणी चार्टिस्ट चळवळीत (कामगारांना मताधिकार मागणारी) होते आणि १८३९ला न्यूपोर्टचा उठाव फसल्यावर बाईच्या वेषात फ्रान्सला पळालेले. जानेवारी १८८४मध्ये त्यांचं तान्हं बाळ गेलं, तर १३ तारखेला यांनी गावाबाहेरच्या टेकडीवर चिता पेटवली. रविवार संध्याकाळ, लोक चॅपलमधून परतत होते. बघताच गर्दी उसळली, पोलीस आले, खटला झाला. कार्डिफच्या कोर्टात न्यायमूर्ती स्टीफन यांनी निकाल दिला की इतरांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नाही. ब्रिटनमध्ये दहनाचा रस्ता तिथून मोकळा झाला, रीतसर कायदा १९०२ला. स्वतः प्राइस १८९३ला गेले तेव्हा दोन टन कोळशावर दहन केलं आणि बघायला वीसएक हजार लोक.

कोळसेवाला :
दोन टन कोळसा जरा जास्तच झाला, पण तिथे कोळशाला तोटा नव्हता.

डोंगरवाट :
पाटीच्या दगडाचं राहिलं म्हणून फक्त तेवढं. उत्तरेत बेथेस्डा, लॅनबेरिस, ब्लायनाय फेस्टिनिओग. इथे वर्ष महिन्यामहिन्याने चालायचं. चारएक जणांच्या टोळीला कड्याचा एक तुकडा दिला जायचा, त्याला बार्गेन म्हणत, आणि दर महिन्याला मुकादम येऊन दर ठरवणार. दगड वाईट तर दर चढा, चांगला तर कमी, हे कागदावर. प्रत्यक्षात मुकादमाशी कुणाचं किती गूळपीठ त्यावर. दोघं कड्यावर सुरुंग लावून दगड उतरवणार, दोघं शेडमध्ये छिन्नीने त्याचे पापुद्रे काढून मापात कापणार. मापांना नावं राण्यांची आणि सरदारणींची, क्वीन, डचेस, काउंटेस, लेडी, आणि ते फोडणारे हात मात्र धुळीने छाती भरून पन्नाशी गाठायच्या आधी बसायचे.

दुपारी जेवायला एका दगडी खोपटात जमायचे, 'काबान', तिथे अध्यक्ष, खजिनदार, ठराव, वाद, कविता, सगळं रीतसर. २२ नोव्हेंबर १९००ला पेनरिनच्या खाणीत २,८०० जणांनी काम सोडलं, युनियन मान्य करा म्हणून. दोन महिन्यांनी राणी वारली, यांचा लढा चालूच. १९०३पर्यंत चालला आणि हरले. घराघराच्या खिडकीत छापील पाटी, "या घरात गद्दार नाही". ज्यांच्या खिडकीतून ती गेली, म्हणजे जे मधेच कामावर परतले, त्यांच्याशी लोक पुढे कित्येक वर्षं बोलत नव्हते.

चहाटळ :
टेकडीवरचा, उंबरठा, तुमचं पगार विरुद्ध चॅपल मिटलं का? आणि नाताळ राहिलाच, मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं!

उंबरठा :
मिटलं नाही. डोंगरवाट यांच्या काबानमधले अध्यक्ष आणि ठराव कुठे शिकले असतील हो? चॅपलमध्येच.

टेकडीवरचा :
आणि काबानमध्ये ठराव कशावर? दरावर.

@चहाटळ नाताळ सांगतो. उत्तर आणि मध्य वेल्समध्ये, माँटगमरीशरकडे विशेष, पहाटे तीन ते सहाच्या मधे कधीतरी चर्चमध्ये 'प्लगाइन', म्हणजे कॅरोल (नाताळची भजनं) गाण्याची पहाटेची प्रार्थना. रात्री कुणी झोपायचं नाही, शेतघरात जमून टॉफी करायची, उकळती दगडावर ओतायची, हाताला लोणी लावून ओढायची. मग प्रत्येकाने आपली मेणबत्ती घेऊन अंधारात चालत जायचं. छोटी प्रार्थना झाली की पाद्री म्हणणार, आता प्लगाइन खुलं. पुढे कुणी नावं पुकारत नाही, एक बाप आणि दोन मुलगे उठतात, पुढे जाऊन वाद्याशिवाय लांबलचक कॅरोल गातात, गप येऊन बसतात. मग दुसरं घराणं. एकदा झालेली कॅरोल परत कुणी गायची नाही, म्हणून प्रत्येक घराने दोनतीन तयार ठेवायच्या. दोन फेऱ्या होतात, आणि मग घरी जाऊन न्याहारी. आजही होतं, जानेवारीपर्यंत वेगवेगळ्या गावांत, बाहेरच्यांना येऊ देतात. फक्त मधे टाळ्या वाजवू नका.